मज्जातंतूला उद्दीपन, स्नायूचा प्रतिसाद : प्रॅक्टिकलचे टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

विद्यार्थ्यांची शरीरक्रियाशास्त्राची जर्नले (प्रात्यक्षिकांच्या वह्या) तपासताना दोन विधाने दरवर्षी हमखास आढळतात. पहिले असे की, विद्युत्प्रवाह वाढवला की प्रत्येक स्नायुतंतू अधिक जोराने आकुंचन पावतो. दुसरे असे की, उद्दीपनाची वारंवारता वाढवली की अधिकाधिक तंतू आकुंचनात सामील होतात. प्रत्यक्षात प्रवाह वाढवल्याने सामील तंतूंची संख्या वाढते आणि वारंवारता वाढवल्याने त्याच तंतूंचे बल वाढते, म्हणजे दोन्ही विधानांत कारणांची अदलाबदल झालेली असते. ही चूक केवळ पाठांतराची नाही. प्रयोग चुकीच्या क्रमाने केला, तर हाती येणारे आलेखच असे असतात की त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढता येतो. म्हणून या लेखात सिद्धान्तापेक्षा क्रमावर भर दिला आहे.

बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचा प्रयोग आता बहुतेक विद्यार्थी छापील आलेखांवर किंवा संगणकावरील प्रतिकृतीवर शिकतात. त्याविषयी शेवटी लिहिले आहे. प्रत्यक्ष नोंद घ्यायची ती माणसाच्या हातावर, आणि येथे तीच गृहीत धरली आहे. मनगटापाशी अल्नर मज्जातंतूला उद्दीपन द्यायचे, अंगठा तळहाताकडे ओढणाऱ्या अडक्टर पॉलिसिस स्नायूचे बल ट्रान्सड्यूसरवर (बलाचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणावर) नोंदवायचे आणि त्याच वेळी करंगळी बाहेर सारणाऱ्या अब्डक्टर डिजिटाय मिनिमाय स्नायूची विद्युत् लहर नोंदणी-यंत्राच्या दुसऱ्या वाहिनीवर (चॅनेलवर) नोंदवायची. दोन्ही स्नायूंना हाच मज्जातंतू मिळतो. दोन वाहिन्यांचा खटाटोप कशासाठी, असे बॅचमध्ये नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर सहाव्या टप्प्यात मिळेल.

टप्पा १ : स्वयंसेवक आणि यंत्रांची तयारी

ज्याच्या हातावर प्रयोग करायचा त्याला आदल्या दिवशी संपूर्ण पद्धत समजावून सांगावी आणि लेखी संमती घ्यावी. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत् उपकरण, हृदयविकार, अपस्मार, गर्भावस्था किंवा मज्जातंतूंचा पूर्वीचा आजार असल्यास त्या व्यक्तीला स्वयंसेवक करू नये. ही विचारणा संपूर्ण बॅचसमोर न करता एकांतात करावी, कारण चारचौघांत विद्यार्थी संकोचाने खरे सांगत नाहीत. 'थांबा' म्हणताच प्रयोग थांबेल, हे स्वयंसेवकाला स्पष्ट सांगावे आणि स्टिम्युलेटरचे (उद्दीपन देणाऱ्या यंत्राचे) बंद करण्याचे बटण एका विद्यार्थ्याकडे केवळ त्याच कामासाठी सोपवावे.

बलाचा ट्रान्सड्यूसर दररोज, प्रयोगापूर्वी, ज्ञात वजने टांगून कॅलिब्रेट करावा. शून्य, ५०० ग्रॅम, १ किलो आणि २ किलो अशा चार नोंदी पुरतात. १ किलो वजनाचे बल ९.८ न्यूटन धरावे. चारही बिंदू एका सरळ रेषेत येत नसतील, तर ट्रान्सड्यूसर सैल बसला आहे असे समजून पुन्हा आवळावा. बलाच्या वाहिनीसाठी सेकंदाला १,००० नमुने पुरेसे असले, तरी विद्युत् लहरीसाठी किमान १०,००० हवेत. कमी ठेवल्यास लहरीचा आरंभबिंदू एक-दीड मिलिसेकंद इकडेतिकडे सरकतो आणि पुढचे वेगाचे गणित निरर्थक ठरते.

*सावधान :* स्टिम्युलेटर माणसांवर वापरण्यासाठी प्रमाणित आणि वीजपुरवठ्यापासून विलग आउटपुट असलेलाच हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत वायरी, क्लिपा आणि बॅटऱ्या उत्तम मिळतात, त्या जरूर आणाव्यात. मात्र तेथील सुटे भाग जुळवून बनवलेले सर्किट, ते कितीही हुशारीने बनवलेले असो, माणसाच्या हाताला जोडू नये. उद्दीपनाचे दोन्ही इलेक्ट्रोड एकाच हातावर असावेत. एक डाव्या आणि एक उजव्या हातावर लावल्यास प्रवाह छातीतून जातो.

टप्पा २ : हात ऊबदार करणे आणि स्थिर बसवणे

हा टप्पा वगळला जातो आणि नंतर दिवसभराची आकडेवारी बिघडते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या बॅचला कोथरूड किंवा हडपसरहून हातमोजे न घालता दुचाकीवर आलेल्या विद्यार्थ्याचा हात अक्षरशः गार असतो. गार हातात मज्जातंतूतील वहन मंदावते, एका अंश सेल्सिअसमागे वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने घटतो, आणि स्नायूचे शिथिलीकरणही लांबते. मग सकाळच्या बॅचचे आकडे दुपारच्या बॅचशी जुळत नाहीत आणि दोष यंत्राला दिला जातो. हात दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, कोरडा करावा आणि त्वचेचे तापमान किमान ३२ अंश असल्याची खात्री करून तो आकडा जर्नलमध्ये लिहावा. प्रयोगाच्या मध्यावर आणि अखेरीस तो पुन्हा पाहावा.

पुढचा हात, मनगट आणि चारही बोटे फळीवर रुंद पट्ट्यांनी बांधावीत, अंगठा तेवढा मोकळा ठेवावा. त्याला अडकवलेली कडी ट्रान्सड्यूसरला जोडताना दोरी ताणलेली हवी. ढिली दोरी प्रथम ताठ होण्यात वेळ घालवते आणि प्रतिसाद उशिरा व बुटका दिसतो. स्नायूचे बल त्याच्या आरंभीच्या लांबीवर अवलंबून असते, त्यामुळे हा प्राथमिक ताण एकदा ठरवला की प्रयोग संपेपर्यंत बदलू नये.

*पडताळणी :* स्वयंसेवकाने हात पूर्ण सैल सोडल्यावर बलाची रेषा सपाट राहते का? ती हळूहळू वरखाली होत असेल, तर तो नकळत अंगठा दाबतो आहे. त्याला पडद्याकडे पाहू देऊ नये. पडदा दिसत असला की हात सैल राहत नाही.

टप्पा ३ : इलेक्ट्रोडांच्या जागा

मनगट करंगळीच्या बाजूला, विरोधाविरुद्ध वाकवायला सांगावे. त्या बाजूला उठून दिसणारा कंडरा तळहाताच्या बुडाशी वाटाण्याएवढ्या हाडापर्यंत जातो. अल्नर मज्जातंतू या कंडराला लागून, अंगठ्याच्या बाजूने जातो. तेथील त्वचा स्पिरिटने पुसावी, केस असल्यास काढावेत आणि मनगटाच्या घडीलगत ऋण इलेक्ट्रोड, त्यापासून दोन ते तीन सेंटिमीटर कोपराच्या दिशेने धन इलेक्ट्रोड लावावा.

ध्रुवांची अदलाबदल ही या प्रयोगातील सर्वाधिक घडणारी चूक आहे. मज्जातंतूचे उद्दीपन ऋण इलेक्ट्रोडखाली होते, कारण तेथे तंतूच्या आवरणाबाहेरचा धन प्रभार खेचला जाऊन आवरणाचे विभव उंबरठ्याकडे सरकते. धन इलेक्ट्रोडखाली नेमके उलट घडते, आणि तोच स्नायूच्या बाजूला असला तर निघालेला आवेग वाटेतच अडू शकतो. ऋण इलेक्ट्रोड म्हणूनच नेहमी स्नायूच्या बाजूला. वायरींचे रंग सर्व यंत्रांवर सारखे नसतात, त्यामुळे रंगावर विसंबू नये. यंत्रावरील चिन्ह वाचावे.

विद्युत् लहर नोंदवणारा सक्रिय इलेक्ट्रोड करंगळीच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याच्या मध्यावर आणि संदर्भ इलेक्ट्रोड करंगळीच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर लावावा. अर्थिंगचा इलेक्ट्रोड उद्दीपन आणि नोंद यांच्या मध्ये, हाताच्या पाठीवर असावा. जेल माफक लावावे. दोन इलेक्ट्रोडांचे जेल एकमेकांत मिसळले की प्रवाह त्वचेवरूनच निघून जातो. पावसाळ्यात घामाने चिकटपट्ट्या सुटतात, तेव्हा वरून कागदी टेपचा एक वेढा द्यावा.

*पडताळणी :* उद्दीपन न देता विद्युत् वाहिनी पाहावी. दर २० मिलिसेकंदांनी उमटणारी एकसारखी लाट दिसली, तर तो वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट आहे. अर्थिंगचा इलेक्ट्रोड ओला करावा, लॅपटॉपचा चार्जर काढावा, वायरी एकत्र पिळाव्यात. फिल्टर लावून लाट लपवण्याचा मार्ग शेवटचा, कारण फिल्टर स्नायूच्या लहरीचाही आकार बदलतो.

टप्पा ४ : उंबरठ्यापासून महत्तम तीव्रतेपर्यंत आणि त्यापुढे

संपूर्ण प्रयोग या टप्प्यावर उभा आहे आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. तासभरातील किमान वीस मिनिटे येथे द्यावीत, असे माझे मत आहे.

उद्दीपनाचा कालावधी ०.२ मिलिसेकंद ठेवावा. इतक्या अल्प कालावधीत मज्जातंतू उद्दीपित होतो. स्नायुतंतूला थेट उद्दीपित करण्यास याहून बराच दीर्घ कालावधी किंवा फार मोठा प्रवाह लागतो. कालावधी एक मिलिसेकंदापर्यंत वाढवल्यास वेदना अधिक होते, लाभ काही नाही. प्रवाह शून्यापासून एकेक मिलिअँपिअरने वाढवावा आणि प्रत्येक पायरीवर पाच सेकंदांच्या अंतराने तीन नोंदी घ्याव्यात. हे अंतर सर्वत्र समान हवे, कारण उद्दीपने भराभर दिली की तीव्रता तीच असूनही लागोपाठची आकुंचने थोडीथोडी उंच होत जातात, आणि ही जिन्यासारखी चढण प्रवाहाचा परिणाम समजली जाते.

ज्या तीव्रतेला पहिला दृश्य प्रतिसाद मिळतो ती उंबरठा-तीव्रता, अर्थात थ्रेशोल्ड. त्यापुढे बल वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर वाढायचे थांबते. समजा, ५ मिलिअँपिअरला पहिला प्रतिसाद आला, १२ पर्यंत बल वाढले आणि १३ व १४ ला ते तेवढेच राहिले. येथे १२ ही महत्तम तीव्रता झाली. पुढचे सर्व प्रयोग तिच्याहून २० ते २५ टक्के अधिक, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअरवर करायचे. ही अधिमहत्तम तीव्रता. वीस टक्क्यांची जोड अशासाठी की, पुढे इलेक्ट्रोड किंचित सरकला किंवा जेल वाळले, तरी मज्जातंतूतील त्या स्नायूकडे जाणारा प्रत्येक प्रेरक तंतू उद्दीपित होत राहावा.

प्रत्येक तंतू 'सर्व किंवा काहीच नाही' या नियमाने वागतो. एका उद्दीपनाला दिलेल्या परिस्थितीत तो पूर्ण प्रतिसाद देतो किंवा मुळीच देत नाही. मधल्या पायऱ्यांवर वाढणारे बल म्हणजे नव्याने सामील होणाऱ्या प्रेरक एककांची (एक प्रेरक मज्जातंतू आणि तो चालवत असलेले स्नायुतंतू म्हणजे एक एकक) बेरीज आहे. आता विचार करा, कोणी हा टप्पा टाळून ८ मिलिअँपिअरवरच वारंवारतेचा प्रयोग सुरू केला. मध्येच हात हलला, आणखी काही एकके सामील झाली आणि बल वाढले. ते वारंवारतेमुळे वाढले की सहभागामुळे, हे त्या आलेखावरून जगातील कोणताही परीक्षक सांगू शकणार नाही. सर्व एकके आधीच सामील असतील, तर मात्र सहभागाचा प्रश्नच उरत नाही.

येथे जर्नलांत आणखी एक चूक होते. 'लहान प्रेरक एकके प्रथम, मोठी नंतर' हा क्रम स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा आहे. बाहेरून दिलेल्या विद्युत् उद्दीपनात जाड तंतूंचा उंबरठा कमी असल्याने ते आधी सामील होण्याकडे कल असतो, आणि त्वचेवरून उद्दीपन देताना इलेक्ट्रोडपासूनचे अंतरही त्यात ढवळाढवळ करते. स्वेच्छा हालचालीचा क्रम येथे लिहू नये.

*पडताळणी :* बलाचे पठार आले का आणि विद्युत् लहरीची उंचीही वाढायची थांबली का, हे दोन्ही पाहावे. दोन्ही स्नायूंचे पठार एकाच आकड्याला येईलच असे नाही. ज्याचे उशिरा येते त्याचा आकडा धरावा.

*सावधान :* बलाचे पठार आल्यानंतर प्रवाह वाढवताच बल पुन्हा चढू लागले आणि अंगठा तळहाताकडे ओढला जाण्याऐवजी तळहातापासून वर उचलला जाऊ लागला, तर प्रवाह शेजारच्या मीडियन मज्जातंतूपर्यंत पसरला आहे. तीव्रता खाली आणावी आणि इलेक्ट्रोड कंडराजवळ सरकवावा. या दुसऱ्या चढणीला महत्तम तीव्रता समजून पुढे गेल्यास एका स्नायूऐवजी अनेक स्नायूंच्या बलाची मिसळ नोंदली जाते.

टप्पा ५ : एकेरी आकुंचनाचे वाचन

अधिमहत्तम तीव्रतेला पाच एकेरी आकुंचने नोंदवून त्यांची सरासरी घ्यावी. उद्दीपनाच्या खुणेनंतर विद्युत् लहर साधारण तीन मिलिसेकंदांनी उमटते आणि बलाची रेषा त्यानंतर काही मिलिसेकंदांनी उचलते. या अवकाशात मज्जातंतूतून वहन, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संधिस्थानावर ॲसिटिलकोलिन या रसायनाचे स्रवण, स्नायुतंतूच्या आवरणावर आवेग, आतल्या जाळ्यातून कॅल्शियमची सुटका आणि अखेर लवचीक ऊतींचा सैलपणा ताणला जाणे हे सारे घडते. शिखर गाठायला या स्नायूला साधारण ६० ते ८० मिलिसेकंद लागतात.

शिथिलीकरण कोठे संपले हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण रेषा तळाशी फार हळू टेकते आणि चार विद्यार्थी चार आकडे देतात. शिखरापासून बल निम्म्यावर यायला लागणारा काळ मोजावा.

टप्पा ६ : दोन उद्दीपने

दोन उद्दीपनांमधील अंतर ४००, २००, १००, ५०, २०, १०, ५, २ आणि १ मिलिसेकंद असे कमी करत जावे. प्रत्येक जोडीनंतर दहा सेकंद थांबावे. ४०० ला दोन स्वतंत्र आकुंचने दिसतील. अंतर १०० वर आले की पहिले पूर्ण शिथिल होण्यापूर्वी दुसरे त्यावर चढेल आणि एकूण उंची वाढेल; २० च्या आसपास एकच, परंतु ठळकपणे उंच शिखर दिसेल.

आता विद्युत् वाहिनी पाहावी. बल वाढलेले असताना दुसऱ्या उद्दीपनाची विद्युत् लहर पहिलीपेक्षा मोठी झालेली नसते. स्नायूच्या विद्युत् लहरीची उंची किती तंतू सामील आहेत याची खूण असल्याने, ही वाढ नव्या तंतूंची नव्हे, हे समोर सिद्ध होते. पहिल्या आवेगाने सुटलेले कॅल्शियम परत खेचले जाण्याआधी दुसऱ्याची भर पडते, आणि लवचीक भाग आधीच ताणलेला असल्याने आकुंचनाची शक्ती पूर्णपणे बाहेर पोहोचते. विद्युत् लहर काही मिलिसेकंदांत संपते, तर यांत्रिक आकुंचन तिच्या कितीतरी पट काळ चालते. या विषमतेमुळेच बेरीज शक्य होते. दोन वाहिन्या जोडण्याचे श्रम या एका निरीक्षणासाठी आहेत. विद्यार्थ्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अंतर १ मिलिसेकंदाच्या आसपास आले की उंची पुन्हा एकेरी आकुंचनाएवढी होऊ शकते. येथे यंत्र बिघडलेले नसते. मज्जातंतू पहिल्या आवेगानंतरच्या अनुत्तेज्य काळात, म्हणजे नव्या उद्दीपनाला प्रतिसाद न देण्याच्या काळात, असल्याने दुसरे उद्दीपन वाया गेले आहे.

*पडताळणी :* टप्प्याच्या अखेरीस एक एकेरी आकुंचन पुन्हा नोंदवावे. त्याची उंची आरंभीच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक बदलली असेल, तर टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करावी.

टप्पा ७ : वारंवारता आणि अखंड आकुंचन

वारंवारता नेहमी कमीकडून जास्तीकडे न्यावी : १, ५, १०, १५, २० हर्ट्झ. प्रत्येक मालिका एक सेकंदाचीच असावी आणि दोन मालिकांमध्ये दोन मिनिटे विश्रांती द्यावी. हा क्रम उलटवल्यास मोठी चूक होते, कारण जोरदार अखंड आकुंचनानंतर काही मिनिटे प्रत्येक एकेरी आकुंचन नेहमीपेक्षा उंच येते. २० हर्ट्झपासून सुरुवात करणाऱ्या बॅचचा 'एकेरी' आकडा त्यामुळे फुगलेला असतो. याच कारणास्तव, स्वयंसेवकाने मधल्या विश्रांतीत मूठ घट्ट आवळून हात मोकळा करणेही टाळावे.

५ हर्ट्झला आकुंचने बहुतांशी सुटी राहतात, १० ला रेषा दातेरी होते, १५ व २० ला दाते बुजत जाऊन रेषा चढते. पूर्ण गुळगुळीत रेषेसाठी याहून अधिक वारंवारता लागते, परंतु ती वेदनादायक असल्याने शिकवण्याच्या प्रयोगात २० वर थांबणे मला योग्य वाटते. जर्नलमध्ये या अवस्थेला टेटॅनस लिहिताना धनुर्वाताशी गल्लत करू नये. त्या आजारात स्नायू असेच आखडतात म्हणून नाव सारखे आहे, प्रयोगातील अवस्था रोग नव्हे.

टप्पा ८ : वहनाचा वेग

कोपर ९० अंशांत वाकवून ठेवावा आणि प्रथम मनगटाशी, मग कोपराच्या किंचित खाली अधिमहत्तम उद्दीपन द्यावे. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तो हाच मज्जातंतू, त्यामुळे जागा शोधायला अडचण येत नाही. समजा, विद्युत् लहरीचा विलंब मनगटाशी २.८ आणि कोपराशी ६.६ मिलिसेकंद आला आणि दोन ऋण इलेक्ट्रोडांमधील अंतर २०९ मिलिमीटर भरले. २०९ भागिले ३.८ म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. एकाच जागेच्या विलंबाने अंतर भागू नये, कारण त्यात संधिस्थानावरचा विलंबही मिसळलेला असतो. दोन विलंबांची वजाबाकी केल्यावर तो निघून जातो. अंतर मोजताना कोपर सरळ करण्याची चूक फार होते. उद्दीपन ज्या स्थितीत दिले त्याच स्थितीत टेप लावावी.

टप्पा ९ : बेडकाचे छापील आलेख वाचताना

छापील आलेखावर प्रथम वेळेची रेषा पाहावी. १०० हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची एक पूर्ण लाट म्हणजे १० मिलिसेकंद. शिखर ते पुढचे शिखर मोजावे, शिखर ते दरी नव्हे. आलेखाचा कागद गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमचा वेग सेकंदाला ६४० मिलिमीटर दिला असेल, तर १० मिलिसेकंदांना ६.४ मिलिमीटर, आणि हा हिशेब लाटांशी ताडून पाहता येतो. पोथीतील अव्यक्त काळ (उद्दीपनापासून आकुंचन सुरू होईपर्यंतचा) १०, आकुंचन ४० व शिथिलीकरण ५० मिलिसेकंद हे आकडे स्मरणातून लिहू नयेत, समोरचा आलेख मोजूनच लिहावेत. अव्यक्त काळात स्नायूला जोडलेल्या, लेखणी असलेल्या तरफेच्या जडत्वाचाही वाटा असतो, हे शेजारी नमूद करावे.

तरफेचे टोक सरळ रेषेत नव्हे, वर्तुळाच्या कंसात फिरते. शिखरापासून पायारेषेवर लंब टाकल्यास आकुंचनाचा काळ चुकतो, म्हणून तरफेच्या लांबीएवढी त्रिज्या घेऊन कंसच काढावा. उंचीबाबतही तेवढीच दक्षता हवी. आसापासून लेखणीपर्यंतची भुजा १५ सेंटिमीटर आणि स्नायू अडकवलेली भुजा ३ सेंटिमीटर असेल, तर कागदावरील ४० मिलिमीटर उंची म्हणजे स्नायूचे ८ मिलिमीटर आखडणे, आणि जर्नलमध्ये ८ हाच आकडा लिहायचा.